खाऱ्या पाण्यातलं बिऱ्हाड

सोलापूरचा दगड काळा, जड आणि घट्ट मिटलेला. या गावाला दगड म्हटलं की बेसॉल्ट आठवतो. त्यामुळे विजापूर रोडवरच्या एका घरातल्या हॉलमध्ये काचेच्या टाकीत बसलेला हा दगड पाहून माणसं गोंधळतात. आकाराच्या मानानं हलका, अंगभर भोकं, एका बाजूला जांभळट, दुसऱ्या बाजूला गुलाबी, खाली कुठे तरी हिरवट. मासे पाळणारे त्याला लाइव्ह रॉक म्हणतात. मालकाचा एक दोस्त टाकीसमोर बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "दगड बघायला बोलावलास व्हय बे?" निमो माशांची जोडी तेव्हा दगडामागे दडलेली होती, त्यामुळे त्याचं काही चुकलं नाही.

दगड स्वतः मेलेलाच आहे. प्रवाळांच्या पिढ्यांनी समुद्रातला चुना घेऊन बांधलेला आणि मागे सोडलेला हा सांगाडा. पण रिकाम्या वाड्यात बिऱ्हाडं शिरावीत तसे त्याच्या भोकाभोकांत जीव येऊन राहिलेत. रात्री हॉलमधले दिवे गेले की बॅटरी मारून पाहावं. एका फटीतून ठिसूळतारा या समुद्री जिवाचा बारीक हात चाचपडत बाहेर येतो. काटेरी केसांचा एक अळीसारखा प्राणी उरलेलं खाणं ओढून नेतो. टाचणीच्या टोकाएवढे जीव काचेवर पळतात. गुलाबी रंग म्हणजे कातळावर चढणारं चुनखडी शेवाळ, तेही जिवंत.

ज्यांच्यामुळे दगडाला खरा मान आहे ते भाडेकरू मात्र दिसतच नाहीत. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात. तो साचला तर त्याच मासळीचा जीव घेतो. दगडाच्या पृष्ठभागावरचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. आणखी आत, जिथे प्राणवायू जेमतेम पोचतो, तिथली मंडळी नायट्रेट फोडून साधा नायट्रोजन वायू करतात आणि तो बुडबुड्यांतून हवेत निघून जातो. हे सगळं चक्र जमायला महिने जातात. नळाला रोज पाणी नसलेल्या गावात आरओचं पाणी जमवून, त्यात समुद्री मीठ लिटरला सुमारे ३५ ग्रॅम विरघळवून उभा केलेला हा समुद्र. तो स्थिरावला की मालकाला चैन पडत नाही. डावा कोपरा रिकामा वाटतो. अजून एक दगड हवा.

इथे नव्या दगडाचा स्वभाव कळतो. तो थर्माकोलच्या खोक्यात, ओल्या कागदात गुंडाळून, ट्रॅव्हल्सच्या डिकीतून येतो. प्रवासात त्याच्या अंगावरचे स्पंज आणि काही किडे मरतात. ते कुजतात, आणि कुजणं म्हणजे पुन्हा अमोनिया. जुन्या टाकीतले जिवाणू आपल्या माशांपुरते असतात, अचानक आलेला हा बोजा त्यांना पेलत नाही. त्यात समुद्राच्या पाण्याचा पीएच आठच्या वर, आणि तिथे अमोनिया जास्त जहाल होतो. सकाळी घातलेल्या देखण्या दगडानं जुनं चांगलं चाललेलं घर दोन दिवसांत उठवलं, असं घडू शकतं. जाणकार तो आधी नाकानं तपासतात. चांगल्या दगडाला समुद्राचा वास येतो म्हणतात, पण सोलापूरकरानं तो कुठे हुंगलाय? सडक्या अंड्याचा वास मात्र कुणालाही ओळखता येतो. तो आला की ओळख पटली.

म्हणून त्याची पहिली मुक्कामाची जागा बाथरूममधला प्लास्टिकचा टब. मीठ घातलेलं पाणी, पाणी फिरवणारा पंप, वर झाकण म्हणजे शेवाळ माजत नाही. डिसेंबरात हीटर, मे महिन्यात उलट पाणी थंड कसं ठेवायचं ही चिंता. कुजलेला भाग जुन्या टूथब्रशनं घासायचा, पाणी बदलायचं, टेस्ट किटचे थेंब मोजायचे. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसत राहेपर्यंत त्याची सुटका नाही. त्याला आठवडे लागतात आणि घरातल्या आंघोळी तोवर बादलीला टेकून होतात. ही घाई न करणारी माणसंच या छंदात टिकतात, बाकीचे गप्पीकडे परत जातात.

टबात त्याची पाहुणेमंडळीही उघडी पडते. रात्री टक् असा आवाज आला तर मॅन्टिस श्रिंप असू शकते. ती आपल्या गदेसारख्या अवयवानं शिंपले फोडते, मोठी झाली तर मासे सोडत नाही. पारदर्शक तपकिरी फुलासारखं काही उगवलं तर ते बहुधा ऐप्टेसिया, चिमट्यानं तोडलं तर राहिलेल्या तुकड्यातून पुन्हा वाढणारं. काटेरी किड्याचं नाव उगाच खराब झालंय, तो सफाईच करतो, मात्र त्याचे केस बोटांत घुसतात. हातमोजे घालायचे त्याहून मोठं कारण म्हणजे दगडावरचे काही झोअँथिड जीव पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष बाळगतात. दगड उकळून "स्वच्छ" करायला निघालेली माणसं त्या वाफेनं इस्पितळात गेली आहेत. आपल्या स्वयंपाकघरात पाळायचा हा नियम आहे, दगड उकळायचा नाही.

आता मूळ प्रश्न, हा आला कुठून? प्रवाळ आपल्याकडेही आहे. मालवणला आहे, १९८७ साली तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं. विजयदुर्गच्या समोर खोल समुद्रात कान्होजी आंग्र्यांचं नाव लावणारी आंग्रिया बँक आहे. पण तिथला तुकडा कुणी तुमच्यासाठी काढून आणणं हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळं २००१ साली आली. परदेशातून आणायचा म्हटला तर वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा सायटीस करार आडवा येतो, दगडी प्रवाळ त्याच्या यादीत आहेत आणि परवाने लागतात. कागद मागितल्यावर जो विक्रेता हसतो, त्याच्याकडचा दगड कितीही गुलाबी असला तरी मी घ्यायला सांगणार नाही. रंग वाढवता येतो.

वाढवता येतो हेच त्याचं मोठेपण आहे. कारखान्यात ओतलेला चुन्याचा किंवा सिरॅमिकचा सच्छिद्र दगड मिळतो, पांढराफटक आणि पूर्ण मेलेला. तो टाकीत येताना किडा, ऐप्टेसिया, पाप काहीच आणत नाही. काही दगडांतून फॉस्फेट सुटतं, म्हणून भिजवून, पाणी बदलून पाहायचं. मग त्याला टबातच जिवाणूंची बाटली किंवा जुन्या दगडाचा एक तुकडा सोबत द्यायचा, आणि थांबायचं. मालकाच्या वडिलांनी सुचवलं होतं, "शहाबादी फरशीचा तुकडा टाक ना, तोही चुनखडीच." म्हातारबुवांचं रसायनशास्त्र बरोबर होतं. शहाबाद इथून मद्रासच्या रेल्वेमार्गावर, गुलबर्ग्याच्या पुढे आहे, आणि तिथली फरशी म्हणजे प्रवाळ जन्मायच्याही आधीच्या उथळ समुद्राचा गाळ. टाकी जिच्यावर उभी आहे ती घरातली फरशीसुद्धा एका जुन्या समुद्राची आहे. फक्त ती फार दाबली गेलीय, भोकं उरली नाहीत. बिऱ्हाड द्यायला खोल्याच नाहीत.

शेवटी तो टाकीत जातो तेव्हा एकटाच जातो, चार एकदम नाहीत. टबाचं पाणी आणि टाकीचं पाणी तापमानाला आणि खारटपणाला जुळलेलं. रेती बाजूला सारून थेट काचेवर टेकवायचा, कारण वाळूवर ठेवला तर खाली उकरणारा मासा एक दिवस तो काचेवर आपटवेल. पुढचे काही दिवस अमोनिया रोज मोजायचा, बदलायला पाणी तयार ठेवायचं.

मे महिन्यात तापमान चाळीसच्या वर असतं आणि कोरडी हवा टाकीतलं पाणी शोषते. मीठ उडत नाही, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची, आणि हे न कळून खारं पाणी ओतत राहिलेल्या टाक्या एकदम खारट होतात. त्यात लाइट गेली, पंप थांबला, की दगडातले जिवाणूसुद्धा घुसमटतात. प्राणवायू त्यांनाही लागतो, आणि तापलेल्या पाण्यात तो तसाही कमीच. इन्व्हर्टरवर एक पंप ठेवलेला असावा, पंख्याचं नंतर बघू.

आणि एक. दगड पाण्यात जाताना आपल्या आकाराएवढं पाणी बाहेर काढतो, म्हणून तेवढ्या बादल्या टाकीतून आधीच भरून काढाव्या लागतात. एरवी सोलापुरात भरलेली बादली फुकट जात नाही. पण हे पाणी तुळशीला चालत नाही, गाडीला चालत नाही, गच्चीवर ओतलं तर पांढरा डाग पडतो, आणि ते मोरीत सोडताना आजी दरवेळी बघून घेते.