गाडी बंद पडली का?

राहात्यासारख्या गावात सकाळी कामाशिवाय चालणारा माणूस लोकांना चमत्कारिक वाटतो, हे आम्हांला साठीनंतर कळले. पेरूच्या बागांच्या वाटेने आम्ही निघालो की मागून येणारी मोटारसायकल हटकून थांबे. "जय ख्रिस्त, गुरुजी! गाडी बंद पडली का? बसा, घरी सोडतो." भिडेखातर पहिल्या आठवड्यात आम्ही दोनदा बसून घरी परतलो!

चालण्याची पाळी का आली, तेही सांगितले पाहिजे. एका रविवारी मिस्सात गुडघे टेकले आणि उठता येईना. शेजारच्या मुलाने हात दिला. पुढे तपासणीत रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज अर्धा तास चालण्यास बजावले.

आम्हांला वडील आठवले. ते मिशनचे मास्तर. वाड्यावस्त्यांवर ते धर्मशिक्षण द्यायला पायीच जात. व्यायाम म्हणून त्यांनी काही केले नाही; तशी गरजच पडली नाही. आम्ही सायकल घेतली, मग स्कूटर. त्याबद्दल देवाचे आभारही मानले. पायांचे काम मात्र कधी सुटले, ते ध्यानी आले नाही.

चालताना पायांचे स्नायू रक्तातील साखर ओढून घेतात आणि त्यासाठी इन्सुलिनवर फारसे अवलंबून राहत नाहीत, हे डॉक्टरांनी समजावले. १९५३ साली लंडनच्या बसकामगारांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसचा जिना चढउतार करणाऱ्या वाहकांत हृदयविकार कमी आढळला. आज जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यात किमान १५० मिनिटे झपझप चालण्यासारखे श्रम सुचवते. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास.

"मी दिवसभर घरात फिरतेच की," असे म्हणणाऱ्या सौ. आता आमच्याबरोबर येतात. त्यांच्या हाती जपमाळ असते. माळ संपते तेव्हा आम्ही परतीच्या वाटेवर असतो. गोळ्या आम्ही सोडलेल्या नाहीत आणि डॉक्टरांना न विचारता कुणी सोडूही नयेत. पण साखर आटोक्यात आहे आणि रात्री झोप लागते.

गेल्या सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला निघालो. श्रीरामपूरला एस.टी.तून उतरून पुढची वाट, थांबत थांबत का होईना, पायी धरली. ओळखीची एक जीप थांबली. आतून तोच प्रश्न आला. सौ. हसून म्हणाल्या, "बंद पडली होती, आता सुरू झाली."

त्या दिवशी मिस्सात आम्ही गुडघे टेकले आणि बाकाला हात लावून आपले आपण उठलो. वाचकहो, वाटेत कुणी वडीलधारे चालताना दिसले, तर जय ख्रिस्त जरूर म्हणा. गाडीवर बसण्याचा आग्रह मात्र करू नका.