शिखर की बर्फ?

अलास्कातल्या तालकीट्नाहून डेनालीकडे छोटी विमानं उडतात. एक फेरी ६,१९० मीटर उंच शिखराभोवती घिरट्या घालते. दुसरी चाकांना स्की लावलेल्या विमानानं हिमनदीवर उतरते. पैसे एकाच फेरीचे होते. मला शिखर हवं होतं.

आईनं दर्यापूरच्या कोरडवाहू कापसावर घर चालवलं, अकोल्याचा ४५ अंशांचा मे सोसला. म्हणाली, "पाहाड खालूनबी दिसते. मले बरफावर पाय ठेवाचा हाय."

"ढग आले तर उतरणं रद्द होतं, आई."

"जल्मभर ढगाची वाट पाह्यली, आता त्याचंच भेव दाखवतं?"

रूथ हिमनदीवर उतरलो तेव्हा शिखर ढगात होतं. आईनं मूठभर बर्फ उचलला, कापसासारखा बोटांत दाबून पाहिला.

"ओला हाय. भाव नाही भेटनार."