माळवी लाज

धारच्या मराठी घरांमधलं चैत्रगौरीचं हळदीकुंकू दोन गोष्टींसाठी व्हायचं. एक म्हणजे आंब्याची डाळ आणि पन्हं. दुसरी म्हणजे त्या वर्षी लग्न होऊन आलेली सून कशी लाजते ते बघणं. कैऱ्या महाग झाल्या तर डाळ चमचाभरच मिळे, पण दुसऱ्या कार्यक्रमात काटकसर चालत नसे. वाड्यातल्या ओसरीवर गौर मांडलेली, भिजवलेल्या हरभऱ्याचा वास दरवळतोय, आणि मधोमध ती बिचारी पदर सावरत उभी. "नाव घे गं!" असा पुकारा झाला की आम्ही परकऱ्या पोरी खांबाआडून माना काढायचो. उखाणा चार ओळींचा असला तरी सगळ्यांचं लक्ष शेवटच्या दोन-तीन शब्दांवर. नवऱ्याचं नाव ओठांपाशी येऊन क्षणभर अडखळलं की बायका एकदम म्हणायच्या, "बघ बघ, कशी शर्मावून राहिली!"

'शर्मावून राहिली' हे आमचं माळवी मराठी. पुण्याकडचे पाहुणे त्याला हसायचे. पण पवार मंडळी अठराव्या शतकात इकडे आली, धारला एक घराणं आणि देवासला तुकोजी-जिवाजी या भावांची दोन राज्यं झाली, त्यांच्यामागून कारकून, भिक्षुक, शिलेदार आले, आणि शेजारपाजार सगळा माळवी बोलणारा. मग मराठी क्रियापदं थोडी त्या वळणावर गेली तर नवल काय! आजीच्या बोलण्यात मात्र या शब्दांच्या वाटण्या पक्क्या होत्या. लाज वाटायची ती गणितात नापास झाल्यावर. शरम असायला हवी ती उधारी बुडवणाऱ्याला. आणि लाजायचं ते फक्त स्थळ सांगून आल्यावर. तिच्या लेखी पहिल्या दोन गोष्टी मनाच्या होत्या आणि तिसरी कलेची.

त्या कलेत गाल लाल होणं फारसं नव्हतंच. इंग्रजीतल्या 'ब्लश'चं मूळ लाल होण्यातच आहे. तो शब्द आधी रंगाचा आणि मग भावनेचा. आपल्या 'लज्जे'त रंग नाही. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात तेहतीस व्यभिचारी भाव सांगितले, त्यांत 'व्रीडा' म्हणजे लाज आहे. ती नटाने कशी दाखवावी? तोंड लपवावं, मान खाली घालून विचारात पडावं, जमिनीवर रेघा ओढाव्यात, वस्त्राशी नि बोटातल्या अंगठीशी चाळा करावा, नखं कुरतडावीत. या यादीत लालीचा पत्ता नाही. मी हे पुढे कॉलेजात वाचलं तेव्हा मला आमची ओसरीच आठवली. शेणाने सारवलेल्या जमिनीवर पायाच्या अंगठ्याने काढलेल्या रेघा मी किती पाहिल्या होत्या! एका काकूंनी तर साखरपुड्याच्या दिवशी जमिनीचा पोपडाच उकरून काढला, अशी दंतकथा घरात चालू होती. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर लाली उमटून उमटणार किती? म्हणून आपल्याकडे लाज गालांवर शोधत नाहीत. ती मानेच्या वळणात, पदराच्या पिळात शोधतात.

चार्ल्स डार्विनला हाच प्रश्न पडला होता. माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावमुद्रांवरचं त्याचं पुस्तक १८७२ साली आलं. त्याआधी त्याने जगभरच्या ओळखीपाळखीच्या लोकांना एक प्रश्नावली पाठवली. कातडीच्या रंगामुळे दिसू शकत असेल तर लाजेने माणूस लाल होतो का, आणि ती लाली अंगावर किती खालपर्यंत उतरते, असा त्यातला एक प्रश्न. मला सगळ्यांत आवडतं ते अहमदनगर जिल्ह्यातून आलेलं उत्तर. अर्स्किन नावाच्या साहेबांनी तिथे लोकांचे चेहरे मोठ्या काळजीने न्याहाळले, पण खात्रीचा निष्कर्ष काही काढता येईना, कारण ही माणसं गोऱ्यांसमोर आपल्या भावना लपवण्यात सरावलेली! नगरी माणसाचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला. साहेब वही-पेन्सिल घेऊन समोर बसलाय आणि कोण लाजणार? लाजायलाही माणसं आपली लागतात.

डार्विनचं म्हणणं असं, की दुसरा आपल्याकडे बघतोय आणि आपल्याबद्दल काहीतरी विचार करतोय या जाणिवेने चेहरा लाल होतो. गंमत अशी, की आमच्या धारचाच राजा भोज अकराव्या शतकात याच गल्लीतून जाऊन आला होता. त्याचा 'शृंगारप्रकाश' छत्तीस प्रकाशांचा. त्यात तो सांगतो की रस खरा एकच, शृंगार. आणि शृंगार म्हणजे मुळात अहंकार, आपल्या 'मी'ची जाणीव. ज्याला 'मी' नाही त्याला लाजताही येणार नाही, असं मी त्याचं माझ्यापुरतं भाषांतर करून ठेवलंय. पंडितांनी रागावू नये.

पण लाजेच्या बाबतीत धारचा खरा मानकरी भोज नव्हे, त्याच्या वंशातला अर्जुनवर्मा. हा तेराव्या शतकातला. त्याने 'अमरुशतका'वर 'रसिकसंजीवनी' नावाची टीका लिहिली. म्हणजे लाजणं, रुसणं, चोरटी नजर यांवर राज्यकारभारातून वेळ काढून पानंच्या पानं! शिवाय तो स्वतःच एका नाटकाचा नायक झाला. त्याचा राजगुरू मदन याने लिहिलेली 'पारिजातमंजरी' ही नाटिका धारला दगडावर कोरलेली होती. १९०३ साली ती शिळा उजेडात आणली ती धार संस्थानचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांनी. आमच्याकडे जुनी मंडळी हे नाव उच्चारताना अजून नुसतं 'लेले' म्हणत नाहीत, 'लेले साहेब' म्हणतात. पुढे हुल्ट्झ या जर्मन पंडिताने ती 'एपिग्राफिया इंडिका'त छापली.

कथा घडते धारमध्येच, आणि दिवस वसंतोत्सवाचे, आमच्या हळदीकुंकवाच्या ऋतूतले. गुजरातच्या राजाला हरवल्यावर अर्जुनवर्म्याच्या छातीवर पारिजाताचा एक तुरा पडतो आणि त्या तुऱ्यातून एक मुलगी प्रकटते. दुसऱ्या अंकात राणी बागेत आंब्याच्या झाडाचं वासंती वेलीशी लग्न लावते. राजाही विदूषकाला घेऊन तिथे आलेला. ती मुलगी झाडाआड लपलेली. राणीच्या कानातल्या तकतकीत ताटंकात राजाला अचानक तिचं प्रतिबिंब दिसतं आणि त्याचा चेहरा खुलतो. राणीच्या लक्षात यायला तेवढं पुरतं. ती तडक निघून जाते. त्या अंकाचं नावच 'ताटंकदर्पण'. राजा काही बोललेला नाही, त्याने काही केलेलं नाही, पण चेहऱ्याने घात केला. आठशे वर्षांपूर्वीच्या धारमधलीही बाई चेहरा वाचण्यात आमच्या ओसरीवरच्या बायकांइतकीच तरबेज होती, याचा मला फार आनंद वाटतो. नाटिका चार अंकांची. आपल्या हाती आलेत पहिले दोनच. पण राजा घरी गेल्यावर काय झालं असेल ते कोणतीही माळवी गृहिणी सांगेल.

धार जिल्ह्यातच बाग नावाचं गाव आहे. आई तिथल्या छापाच्या साड्या घ्यायची आणि एकदा मलाही खत्रींच्या कारखान्यात घेऊन गेली. तुरटीची खळ लावून ठप्पा मारला की कापडावर जेमतेम पुसट डाग दिसतो. नदीत धुऊन ते कापड तांब्याच्या हंड्यात अलिझरीन आणि धावडीची फुलं घालून उकळत ठेवलं की हळूहळू लाल नक्षी वर येते. चेहऱ्याचंही तसंच असावं; छापून ठेवलेलं असतं आधीच, उकळी फुटायचा अवकाश.

देवास आमचं आजोळ. तिथे एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्यं होती, १९४८मध्ये मध्य भारतात विलीन होईपर्यंत. त्याच वर्षी क्षयाने आजारी असलेले कुमार गंधर्व हवापालटासाठी देवासला आले आणि तिथलेच झाले. अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांनी माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकली आणि पुढे मैफलीत मांडली. आमच्या आजीला याचं अप्रूप नव्हतं. "आमचीच गाणी," म्हणायची. लग्नात व्याह्यांना टोमणे मारणारी माळवी गाणी ती शेजारणींबरोबर गायची आणि मराठी पंगतीत विहीण म्हणायची. दोन्हींचा हेतू एकच, समोरच्याला भर मांडवात पाणी पाणी करणं. तिच्या मते खरी परीक्षा नवरीची नव्हे, विहिणीचीच.

कुमारजींनी 'मला उमजलेले बालगंधर्व' हा कार्यक्रम केला, तेव्हा मात्र आजी हलली. बालगंधर्व हा तिचा हळवा कोपरा. तिच्या आईने त्यांना इंदूरच्या मुक्कामात पाहिलं होतं. १९११ साली 'मानापमान' आलं, त्यातली भामिनी. पुढच्या साऱ्या नायिका. पदर कसा घ्यावा, मान कुठे वळवावी, हे बायका एका पुरुषाकडून शिकल्या, असं ती न लाजता सांगायची.

परवा देवासला भाचीचं लग्न झालं. भाची बंगळूरला नोकरी करते, नवरा तिनेच शोधलेला, आठ वर्षांची ओळख. फोटोग्राफर तिला सारखा सांगत होता, "दीदी, थोड़ा शर्माइए." तिला हसू आवरेना. शेवटी म्हणाली, "कैसे? आप करके दिखाइए." त्या दाढीवाल्या गड्याने शांतपणे कॅमेरा सहायकाकडे दिला, गळ्यातला गमछा डोक्यावरून घेतला, मान तिरपी केली, गमछ्याचं टोक बोटाला गुंडाळलं आणि पापण्या खाली घालून मग सावकाश वर उचलल्या. मांडवात टाळ्या पडल्या. माझी मोठी मावशी, वय वर्षं ब्याऐंशी, पहिल्या रांगेतल्या खुर्चीतून म्हणाली, "मान बरी होती भिया, पण नजर वर आणायची घाई केलीस."