भीमथडी: नकाशातून पुसलेले, दप्तरात उरलेले नाव

१/ दख्खनच्या दंग्यांची पहिली ठिणगी १२ मे १८७५ रोजी सुप्यात पडली. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. त्या काळच्या सरकारी कागदांत मात्र ते भीमथडी तालुक्यात सापडते.

२/ थडी म्हणजे नदीचा काठ. भीमथडी म्हणजे भीमेकाठचा मुलूख. मराठी घोडदळाची काटक भीमथडी तट्टे याच नावाने ओळखली गेली. कऱ्हाकाठची बारामतीही पुढे याच तालुक्यात मोडे.

३/ शेजारच्या इंदापुराचे नाव मात्र टिकले. भोसल्यांच्या जहागिरीतला हा परगणा इंग्रजी अमलात तालुका झाला. प्रिंगलच्या जबर साऱ्याने येथील शेते पडीक पडली. तेव्हा गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास सारा उतरवून तो तीस वर्षांसाठी बांधून दिला.

४/ म्हणूनच सुप्याच्या शेतकऱ्याचा पणतू पूर्वजांचा कागद ‘तालुका बारामती’ या शीर्षाखाली शोधू लागला, तर रिकाम्या हाताने परततो. कागद दप्तरात असतो, शेतही जागेवरच असते. हरवलेले असते ते मधले नाव. त्याने आधी ‘भीमथडी’ विचारावे.