आप्पांच्या खिशातली चावी

माझे सासरे पहिल्यांदा अमेरिकेत आले, त्या दिवशी विमानतळावरून घरी पोचल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो नातवाबद्दल नव्हता. अंगणात ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या यंत्राकडे पाहत ते म्हणाले, "ही करवत कोणाची?"

"आपलीच, आप्पा."

"परवाना काढलास?"

मला हसू आलं, पण प्रश्न बरोबर होता. आपल्याकडे करवतगिरणी चालवायची तर वन खात्याचा परवाना लागतो आणि आप्पांची उभी हयात सिंधुदुर्गातल्या एका वखारीत गेलेली. घरच्या झाडांसाठी इथे तसा परवाना लागत नाही, हे मी आमच्या टाऊनच्या कचेरीत विचारून घेतलं होतं. तसं सांगितल्यावर ते "बरं" म्हणाले आणि आत गेले. पुढचे पंधरा दिवस त्यांनी त्या यंत्राचं नावही काढलं नाही.

आम्ही न्यूयॉर्क राज्यात राहतो; पण न्यूयॉर्क शहरात नव्हे, तिथून चारेक तासांवर, सिराक्यूजजवळच्या एका खेड्यात. घरामागे 'अ‍ॅश' जातीची उंच झाडं होती. एका हिरव्या, चमकदार किड्याने ती मारली. हा किडा मूळचा पूर्व आशियातला. 2002 साली तो अमेरिकेत डेट्रॉइटच्या परिसरात पहिल्यांदा ओळखला गेला आणि तेव्हापासून त्याने कोट्यवधी झाडं संपवली आहेत. त्याच्या अळ्या सालीखालचा थर खातात, झाडाचं अन्नपाणी तुटतं आणि दोन-चार वर्षांत झाड उभ्याउभ्या वाळतं. वाळलेलं अ‍ॅश ठिसूळ होतं, कधी मोडेल याचा नेम नसतो. आमची दोन झाडं तर थेट मुलाच्या खोलीवर झुकलेली होती. ती पाडायला जाणकार माणसं बोलावली. ओंडके उचलून न्यायचे वेगळे पैसे ऐकल्यावर मी म्हटलं, साडेआठ फुटांचे तुकडे करा आणि इथेच ठेवा.

साल खराब झाली तरी आतलं लाकूड चांगलं होतं. पांढुरकं, चिवट. इथे बेसबॉलच्या बॅटी आणि अवजारांचे दांडे ह्या लाकडाचेही करत आले आहेत. ते जळणात घालणं जिवावर आलं. तेवढ्यात जवळचे एक वृद्ध शेतकरी आपलं सामान विकत असल्याचं कळलं. त्यांच्याकडे ही फिरती करवतगिरणी होती. नव्याच्या निम्म्या किमतीत मिळाली, ती गाडीला जोडून आम्ही घरी आणली. नवऱ्याची नोकरी अशी की आठवड्यातले चार दिवस तो परगावी. त्यामुळे शिकायचं माझ्याच वाट्याला आलं. मी हिशेब तपासणारी बाई. त्याआधी मी चालवलेलं सर्वांत मोठं यंत्र म्हणजे कपडे धुण्याचं.

आपल्याकडच्या वखारीत करवत जागेवर असते आणि ओंडका गाड्यावरून तिच्याकडे ढकलतात. इथे उलटं. ओंडका लोखंडी चौकटीवर घट्ट आवळून ठेवायचा आणि करवतीचं डोकं रुळांवरून त्याच्या अंगावरून चालवत न्यायचं. त्या डोक्यात पेट्रोलचं इंजिन, दोन चाकं आणि चाकांवर ताणून बसवलेलं पातं. पातं म्हणजे सव्वा इंच रुंद पोलादी पट्टी, टोकं जोडून गोल केलेली.

पहिल्या दिवशी इंजिन सुरूच झालं नाही. टाकीतलं जुनं पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये चिकट होऊन बसलं होतं. ते साफ केलं, तेल बदललं, हवेची गाळणी बदलली. इंजिन सुरू झालं तर पातं चाकावरून उतरलं. चाकांवरचे रबरी पट्टे कडक होऊन तडकले होते. ते नवे घातले, तर फळी लाटेसारखी निघाली: एका टोकाला इंचभर जाड, मध्ये पाऊण इंच. ताण वाढवला, तरी लाट तशीच. खिडकीतून आप्पा बघत असल्याचं मला दिसत होतं. मी वर पाहिलं की ते पडदा सोडत.

आप्पांच्या डाव्या हाताला तीनच बोटं आहेत. लग्नानंतर मी एकदा सासूबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "वखारीत गेली. त्यांच्यासमोर विषय काढू नको." सासूबाई जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. गावच्या घरात आप्पा एकटे राहत. मोठ्या आग्रहाने आम्ही त्यांना सहा महिन्यांसाठी आणलं होतं. पण सोफ्याच्या कडेवर ते पाहुण्यासारखे ताठ बसून राहत. "गावाला माझा झोपाळा आहे," एवढंच एकदा म्हणाले.

सोळाव्या दिवशी मी पुन्हा करवत लावली. ओंडक्याच्या मध्यात आल्यावर आवाज बदलला. मला तो ऐकू आला, कळला मात्र नाही. एक ढलपी पात्याजवळ अडकली होती. ती काढायला मी हात पुढे केला.

"बंद कर!"

आप्पा मागे उभे होते, अंगावर नवऱ्याचं जाकीट आणि पायात चपला. इतक्या मोठ्या आवाजात त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी इंजिन बंद केलं. त्यांनी पुढे होऊन चावी काढली आणि खिशात टाकली. मग तिथेच ओंडक्यावर बसले. बराच वेळ गेल्यावर बोलले, ते स्वतःशी बोलल्यासारखे.

"अशीच ढलपी होती. ट्रक भरायचा राहिला होता. करवत थांबवली की पुन्हा चालू करायला वेळ जायचा, म्हणून चालूच ठेवली. मी तीस वर्षांचा होतो. मग मालकांनी मला मोजणीवर घेतलं. त्यानंतर करवतीला हात लावला नाही."

मला काय बोलावं सुचेना. "मग विकून टाकू या का, आप्पा?" मी विचारलं.

त्यांनी लाटेची फळी उचलली, एक डोळा मिटून कडेने पाहिली आणि म्हणाले, "विकतेस कशाला? आधी दुरुस्त तर कर."

त्या दिवसापासून नियम ठरला. पात्याजवळ हात न्यायचा तर इंजिन बंद, चावी आप्पांच्या खिशात आणि स्पार्क प्लगची वायर काढलेली. पातं बदलताना हातमोजे, कारण गुंडाळलेलं पातं सुटलं की सापासारखं अंगावर येतं. चाकांवरचं झाकण लावल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. दर वेळी मी चावी मागायची, ते एकदा सगळीकडे नजर फिरवायचे आणि मगच द्यायचे. सुरुवातीला मला त्याचा राग यायचा. पंधरा मिनिटांच्या कामात दहा मिनिटं चावीची देवघेव! पण तेवढ्या वेळात मीही एकदा सगळं पाहून घेऊ लागले.

लाटेचं कारण आम्ही दोघांनी शोधलं. पात्याला दोन्ही बाजूंनी आधार देणाऱ्या छोट्या चाकांपैकी एकाचं बेअरिंग अडकलं होतं. चौकट एका कोपऱ्यात खचली होती, ती आप्पांनी दोरी ताणून दाखवली. पातंही बोथट होतं. तिन्ही गोष्टी सुधारल्या. पात्यावर थेंब थेंब पडणाऱ्या पाण्यात भांड्यांच्या साबणाचे थेंब घातले, म्हणजे भुसा चिकटत नाही. काम संपलं की पात्याचा ताण सैल करायचा आणि डोक्यातला भुसा काढायचा, हेही अंगवळणी पडलं.

आप्पा मोजणीचे पक्के. ओंडक्याला टेप गुंडाळून घेर घेतला, 48 इंच. त्याचा चौथा हिस्सा 12. "बारा गुणिले बारा, म्हणजे एक चौरस फूट. गुणिले आठ फूट लांबी. आठ घनफूट." इथलं माप वेगळं, एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक इंच जाड अशा फळीचं. घनफुटात अशी बारा मापं बसतात. म्हणजे शहाण्णव. फळ्या निघाल्या सत्तरच्या आसपास. "बाकीचं सालीच्या फळकुटांत आणि भुशात गेलं," ते म्हणाले. "वखारीत गिऱ्हाईक याच्यावरूनच भांडायचं."

एका ओंडक्याच्या टोकावर त्यांना काळपट डाग दिसला. "आत लोखंड असणार. हा ठेव बाजूला." मी ऐकलं नाही. आत जुना खिळा निघाला आणि नव्या पात्याचे दात गेले. आप्पा एक शब्दही बोलले नाहीत. फक्त चावी घेऊन खिशात टाकली.

सप्टेंबरात मी म्हटलं, "आप्पा, तुमच्यासाठी झोपाळ्याच्या फळ्या कापू या." त्यांनी स्वतः ओंडका निवडला. दोन इंच जाडीच्या दोन फळ्या काढल्या. तडकू नयेत म्हणून टोकांना मेणाचा रंग लावला. रास रचताना प्रत्येक थरात इंचभर जाडीच्या काठ्या, त्याही एकाखाली एक अगदी सरळ रेषेत. वर पत्रा, पत्र्यावर दगड आणि बाजू वाऱ्याला मोकळ्या.

"किती दिवसांत वाळेल?" मुलाने विचारलं.

"उघड्यावर इंचाला एक वर्ष धर," आप्पा म्हणाले. म्हणजे दोन वर्षं. पुढच्या महिन्यात त्यांचं परतीचं तिकीट होतं. हिशेब आम्हा तिघांनाही कळला, कोणीच काही बोललं नाही. आप्पांनी खिशातून पेन्सिल काढली आणि फळीच्या कडेवर तारीख लिहिली.

निघायच्या दिवशी त्यांनी चावी मला दिली नाही, नातवाच्या हातात ठेवली. "आई मागेल तेव्हा आधी सगळं बघायचं. मगच द्यायची."

याला आता दोन हिवाळे होऊन गेले. मुलगा अकरा वर्षांचा आहे. चावी देताना तो अगदी आजोबांसारखा गोल फिरून पाहतो. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आप्पा आधी राशीची चौकशी करतात. पत्रा सरकला नाही ना? काठ्या जागेवर आहेत ना? ओलावा मोजायचं यंत्र आता चौदा टक्के दाखवतं. घरात टांगायच्या आधी फळ्या आणखी वाळायला हव्यात, म्हणून या रविवारी आम्ही त्या आत आणल्या.

आप्पांनी फळी कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितली, एक डोळा मिटून कडेने पाहिली आणि म्हणाले, "सरळ आहे. तिकिटाचं बघ."