पित्त नावाचे दुखणे

आठव्या महिन्यात माहेरी आलेल्या लेकीच्या छातीखाली कळ आली, मळमळले, की घरात निदान एका शब्दात होते: पित्त. मोरावळा पुढे येतो. शब्द जुना, घरगुती, दिलासा देणारा. आणि धोका त्या दिलाशातच आहे.

१९८२ मध्ये अमेरिकन प्रसूतितज्ज्ञ लुई वाइनस्टाइन यांनी अशा तक्रारींमागे क्वचित दडणाऱ्या विकाराला ‘हेल्प’ हे नाव दिले. तांबड्या पेशींचे फुटणे, यकृतातील विकरांची रक्तात वाढ, प्लेटलेटची घट, यांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून ते बनले. उच्चारात मात्र मदतीची हाक ऐकू येते. पित्तही यकृतातच तयार होते. म्हणजे आपल्या शब्दाने अवयव बरोबर गाठला, आजार तेवढा चुकवला!

रक्तदाब बहुधा वाढलेला असतो. पण दहांपैकी एखाद-दुसरीत तो नेहमीसारखाच राहतो आणि फसगत पुरी होते. खरे काय ते रक्ततपासणीच सांगते.

मॅग्नेशियम सल्फेट झटके रोखते, रक्तदाबाची औषधे अवधी मिळवून देतात. पण वार बाहेर पडल्यावाचून विकार ओसरू लागत नाही. ३४ आठवडे भरले असतील तर प्रसूती लांबवायची नसते. त्याआधी, आई स्थिर असल्यास, बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइड देऊन २४ ते ४८ तास थांबता येते. यकृताच्या आवरणाखाली साठलेले रक्त फुटले, तर तेवढेही थांबता येत नाही.

काहींत हा विकार बाळंतपणानंतर, बहुधा पहिल्या ४८ तासांत, प्रकटतो. तेव्हा घर पेढे वाटण्यात गुंतलेले असते.