पायाने आवळलेला नट

आमचं गाव धामणगाव रेल्वे. नुसतं धामणगाव म्हटलं की लोक "कोणतं?" विचारतात, म्हणून 'रेल्वे' आडनावासारखं चिकटलंय.

तर झालं असं. दिवाळीत घरी गेलो होतो. आईबाबा समृद्धीवरून नागपूरला जाणार होते. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला तेव्हापासून आमच्याकडचे सगळे त्याच रस्त्याने जातात. गाड्यांना मर्यादा ताशी 120 किलोमीटरची! म्हटलं, चाकं आपण स्वतः बघू. पुढची-मागची चाकं अदलाबदल केली, आणि शेवटी पान्यावर पाय देऊन उभा राहिलो. प्रत्येक नटावर. वर एक उडीसुद्धा मारली. आता काय बिशाद नट हलायची!

एप्रिलमध्ये बाबांचा फोन. चांदूर रेल्वेच्या रस्त्यावर पंक्चर. स्टेपनी, जॅक, पाना सगळं आहे, पण नट निघत नाही. बाबा अडुसष्ट वर्षांचे, आई गाडीच्या सावलीला बसलेली, वर वऱ्हाडातलं दुपारचं ऊन. आणि मी पुण्यात, एसीमध्ये, फोनवर "जोर लावा, जोर लावा" म्हणतोय.. दीड तासाने मिस्त्री आला. पान्याला पाइप लावून खोलताना एक स्टड कडकन तुटला. त्याने बाबांचा फोन घेऊन मला विचारलं, "भाऊ, कोनं कसलं व्हतं हे? पुन्हा कधी खोलाचंच नव्हतं काय?"

काय उत्तर देणार?

रात्री गाडीचं पुस्तक काढलं. त्यात आकडा होता 100 न्यूटन-मीटर. म्हणजे साधारण एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला 10 किलो वजन. आमचा पाना 25 सेंटिमीटरचा, माझं वजन 78 किलो. गुणाकार केला तर नुसतं उभं राहूनच 190 च्या आसपास. उडीचा हिशोब केलाच नाही!

आपल्याला वाटतं, नट जेवढा घट्ट तेवढा चांगला. पण आवळताना स्टड किंचित ताणला जातो, आणि स्प्रिंगसारखा परत आखडू पाहतो. त्या ओढीने चाक हबवर दाबून बसतं. बाराच्या स्टडला 100 न्यूटन-मीटर लावले की ही ओढ सुमारे 4 टन होते. प्रमाणाबाहेर ताणला की स्टड कायमचा लांबतो, स्प्रिंग मरते. रूळ धरून ठेवणारी क्लिपही अशीच स्प्रिंग असते, आणि तरी कीमन रोज रूळ बघत चालतो. रेल्वेच्या गावात वाढून मला हे कळू नये!

उलट ढिलं राहिलं तर चाक सुटण्याची भीती. म्हणून आकडा.

पुढच्या खेपेला टॉर्क पाना घेऊन गेलो. आकडा लावायचा, 'टक्' आवाज आला की थांबायचं. हे थांबणंच मला जमत नव्हतं. बाकी नियम सोपे: आटे स्वच्छ आणि कोरडे हवेत (तेल लावलं तर त्याच आकड्याला स्टड जास्त ताणला जातो), चाक जॅकवर असताना नट नुसते बसवायचे, टायर जमिनीला टेकवून समोरासमोरच्या जोड्यांनी आवळायचे, आणि 50-100 किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे. गॅरेजमध्ये गनने आवळलं असेल तरीही.

चारही चाकं झाल्यावर बाबांच्या हातात डिकीतला साधा पाना दिला. म्हटलं, "एक नट खोलून बघा." त्यांनी एका दमात खोलला. मग माझ्याकडे बघितलं, टॉर्क पाना मागून घेतला, आणि तो नट स्वतः आवळला.

टक्.

गाडीत आता टॉर्क पाना असतो. पण माझी चाचणी मात्र साध्या पान्याचीच. मी आवळलेलं बाबांना एकट्याला खोलता आलं पाहिजे. काळजीपोटी आणखी काय काय आवळून ठेवलंय, ते बघायला हवं एकदा.